खरा माणूस आणि त्याचं काम करणारा नट एकाच फिल्ममध्ये कसे चालतात? 'अमेरिकन स्प्लेंडर'बद्दल जरा सविस्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमचे मामा एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर झालेत, आणि नोकरीत असल्यापासून ते वह्यांमध्ये स्वतःच्याच रोजच्या आयुष्याची कॉमिक्स काढतायत, डेपो, ड्रायव्हर, पॅसेंजर, सुट्ट्या पैशांवरून भांडणं, घरी मामी. तुम्हाला त्यांच्यावर फिल्म करायचीय, अर्धी डॉक्युमेंटरी आणि अर्धी नट घेऊन. तुम्ही 'अमेरिकन स्प्लेंडर' बघितलीत, स्वतःच्याच आयुष्यावर कॉमिक्स लिहिणाऱ्या हार्वी पीकारवरची अमेरिकन फिल्म, खूप आवडली, पण खरा हार्वी आणि हार्वीचं काम करणारा नट एकाच फ्रेममध्ये दिसूनही फिल्म फसत कशी नाही हे कळत नाहीये, आणि आपण तसं केलं तर ते नुसतं गिमिक वाटेल अशी भीती वाटतेय.

मी एडिटर आहे, बरीच वर्षं डॉक्युमेंटरी कापतेय, मधूनमधून फिक्शनही, आणि ही फिल्म मी एडिटिंग सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर टाकून जोड न् जोड बघितलेली आहे, म्हणून लांब लिहितेय, वेळ काढून वाचा.

गिमिकच्या भीतीचं उत्तर आधी देते. त्या फिल्ममध्ये दोन हार्वी आहेत कारण कॉमिकमध्ये आधीच दहा हार्वी होते. डिरेक्टरनी बाहेरून काहीच आणलेलं नाही. हे नीट समजलं की तुमच्या मामांच्या फिल्मचे निम्मे निर्णय आपोआप होतील.

आता हार्वीबद्दल, कारण फिल्म बघणाऱ्या बऱ्याच जणांनी मूळ कॉमिक हातात घेतलेलं नसतं. हार्वी पीकार, जन्म १९३९, क्लीव्हलँडचा, तिथल्या सरकारी हॉस्पिटलमध्ये, म्हणजे माजी सैनिकांच्या हॉस्पिटलमध्ये, फाइल क्लार्क. पेशंटच्या फाइली काढायच्या, ठेवायच्या, ट्रॉलीवरून फिरवायच्या. नावाजल्यावरही त्याने ती नोकरी सोडली नाही, २००१ मध्ये रीतसर रिटायर झाला. जाझच्या रेकॉर्डचा नाद, जाझवर रिव्ह्यू लिहायचा. १९६२ च्या सुमाराला त्याची ओळख रॉबर्ट क्रम्बशी झाली, क्रम्ब तेव्हा क्लीव्हलँडमधल्या एका ग्रीटिंग कार्ड कंपनीत चित्रं काढायचा आणि दोघांना जोडणारी गोष्ट म्हणजे जुन्या रेकॉर्ड. पुढे क्रम्ब अंडरग्राउंड कॉमिक्समधला, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या बाहेर निघणाऱ्या कॉमिक्समधला, मोठा माणूस झाला आणि हार्वीच्या डोक्यात आलं की कॉमिक्समध्ये सुपरहिरो आणि बोलणारे प्राणीच का, रांगेत उभा राहून वैतागलेला क्लार्क का नाही. पण हार्वीला चित्र काढता येत नव्हतं. अजिबात. तो कागदावर चौकटी आखायचा, त्यात काड्यांची माणसं काढायचा, वर संवाद लिहायचा, आणि ते चित्रकाराच्या हातात द्यायचा. १९७६ मध्ये या कॉमिकचा, म्हणजे 'अमेरिकन स्प्लेंडर'चा, पहिला अंक आला, स्वतःच्या खिशातून छापलेला, आणि मग साधारण वर्षाला एक असं चालू राहिलं.

इथे थांबा, कारण सगळं इथेच आहे. चित्रकार प्रत्येक गोष्टीला वेगळा. क्रम्बचा हार्वी केसाळ, घामट, डोळे तारवटलेला. गॅरी डमचा हार्वी सरळसाधा, जवळजवळ शेजारचा माणूस. फ्रँक स्टॅकचा हार्वी थरथरत्या रेघांचा, शाई सांडल्यासारखा. जो वाचक वर्षानुवर्षं ते कॉमिक वाचत होता त्याच्यासाठी हार्वीला एक ठरलेला चेहरा नव्हताच. लिहिणारा एक आणि दिसणारे अनेक. मग २००३ मध्ये शारी स्प्रिंगर बर्मन आणि रॉबर्ट पुल्चिनी या नवरा-बायकोने फिल्म केली तेव्हा हार्वीचं काम करणारा नट पॉल जियामाटी हा फक्त आणखी एक चित्रकार झाला, आणि खरा हार्वी समोर येऊन बसला तोही आणखी एक हार्वी. हे दोघं डिरेक्टर मुळात डॉक्युमेंटरीवाले. मला वाटतं म्हणूनच त्यांना नटाला खऱ्या माणसापासून लपवून ठेवायची गरज वाटली नाही.

फिल्ममध्ये हे उघड बोलून दाखवलंय. जॉयस ब्रॅबनर, हार्वीची पुढे झालेली बायको, डेलावेअरमध्ये कॉमिक्सच्या दुकानाशी संबंधित होती, अंक संपला म्हणून तिने थेट हार्वीलाच पत्र लिहिलं आणि तिथून ओळख. ती त्याला पहिल्यांदा भेटायला क्लीव्हलँडला येते तेव्हा तिला कळत नाही की कुठला हार्वी समोर येणार, कारण तिने त्याला फक्त चित्रांत पाहिलंय, आणि पडद्यावर वेगवेगळ्या चित्रकारांचे हार्वी येऊन उभे राहतात. बघायला मजेदार सीन आहे, पण काम फार मोठं करतो: प्रेक्षकाला सांगून टाकतो की इथे चेहरा बदलणं हाच नियम आहे. त्यानंतर खरा माणूस दिसला काय, नट दिसला काय, कुणी दचकत नाही.

म्हणून पहिला प्रश्न तुम्ही स्वतःला विचारा. मामा स्वतःच चित्र काढतात, म्हणजे त्यांच्याकडे एकच हात आहे. पण तुम्ही लिहिलंय की सुरुवातीच्या वह्यांमध्ये ते स्वतःला बारीक आणि मिशीवाला काढायचे, नंतरच्या वह्यांत मिशी तशीच राहिली पण पोट आलं, आणि गेल्या काही वर्षांत ते स्वतःचा चेहराच काढत नाहीत, फक्त पाठमोरे दाखवतात. अहो, हे सोनं आहे! तुमच्या फिल्मची रचना यातूनच निघेल. तरुण मामा नटाकडे, म्हातारे मामा खरे, आणि पाठमोरा मामा हा दोघांच्या मधला पूल. असं काही मटेरियलमध्ये नसतं तर मी स्पष्ट सांगितलं असतं की मिश्रणाच्या भानगडीत पडू नका, सरळ डॉक्युमेंटरी करा.

आता फिल्म आतून कशी चालते ते बघू. तुम्ही परत बघाल तेव्हा जागांकडे लक्ष द्या, मला सगळ्यात हुशार वाटलेली गोष्ट तिथे आहे. आपली सवय अशी की डॉक्युमेंटरी म्हणजे खरी जागा, खरं घर, हलता कॅमेरा, मिळेल तो उजेड, आणि फिक्शन म्हणजे सेट आणि लायटिंग. त्यांनी उलटं केलंय. फिक्शनचा भाग क्लीव्हलँडच्या मळकट गल्ल्या, खोल्या, हॉस्पिटलच्या फाइलींच्या रांगा असा शूट केलाय, रंग उतरलेले, सगळं विटलेलं. आणि खरा हार्वी कुठे बसलाय, तर पांढऱ्याफटक स्टुडिओत, मागे भिंत नाही, कोपरा नाही, आजूबाजूला मोजक्या वस्तू. म्हणजे खरा माणूस कोऱ्या कागदावर, कॉमिकच्या रिकाम्या चौकटीत बसवल्यासारखा, आणि खोटा माणूस खऱ्या शहरात. याचा फायदा असा की प्रेक्षकाला अर्ध्या सेकंदात कळतं आपण कुठल्या थरात आहोत, खाली नाव टाकावं लागत नाही, आणि तरीही कुठला थर जास्त खरा याचा निकाल लागत नाही. तुम्ही मामांचा इंटरव्ह्यू त्यांच्या घरात घेतलात आणि नटाचे सीनही तशाच घरात केलेत तर दोन्ही एकमेकांत विरघळतील आणि प्रेक्षक सतत 'हे खरं की केलेलं' यातच अडकेल. जागा वेगळ्या करा. पांढरा स्टुडिओच हवा असं नाही, उलट ते उचललेलं वाटेल. बंद पडलेली एसटीची गाडी मिळाली तर तिच्यात मामांना बसवा, सगळ्या सीट रिकाम्या, आणि संपूर्ण फिल्मभर खरे मामा फक्त तिथेच दिसू देत.

दुसरी गोष्ट, जेली बीनचा सीन. हा एक सीन तुम्ही दहा वेळा बघा. ऑफिसमध्ये जियामाटीचा हार्वी आणि जूडा फ्रीडलँडरने केलेला टोबी रॅडलॉफ बोलतायत. टोबी म्हणजे हार्वीचा सहकारी, चष्मा, ताठ मान, एका सुरात यंत्रासारखं बोलणं, आणि विषय काय तर जेली बीनच्या गोळ्यांचे फ्लेवर. प्रेक्षक म्हणून तुमच्या मनात येतं की हा नट जरा जास्तच करतोय, असा माणूस कुठे असतो का. आणि बरोबर त्याच क्षणी कट म्हटलं जातं, दोघं नट सीनमधून बाहेर पडतात, त्याच पांढऱ्या स्टुडिओत येतात, आणि तिथे खरा टोबी आणि खरा हार्वी खाऊच्या टेबलाशी उभे राहून जेली बीनबद्दलच बोलतायत. आणि खरा टोबी अगदी तस्साच आहे, किंबहुना थोडा जास्तच. मागे खुर्च्यांवर दोघं नट बसून बघतायत, जियामाटीच्या चेहऱ्यावरचं हसू लपत नाहीये.

या सीनमधून माझ्या धंद्याचा धडा एकच, तो नीट लिहून ठेवा: थर बदलायचा तो प्रेक्षकाच्या मनात शंका आल्यावर, त्याच्या आधी नाही आणि फार नंतरही नाही. डॉक्युमेंटरी इथे माहिती द्यायला येत नाही, साक्ष द्यायला येते. नवीन लोकांच्या हायब्रिड, म्हणजे डॉक्युमेंटरी आणि फिक्शन मिसळलेल्या, फिल्म मी बघते त्यात काय होतं की दर चार मिनिटांनी एक इंटरव्ह्यू, मग एक सीन, मग इंटरव्ह्यू, आणि इंटरव्ह्यूत जे सांगितलं तेच सीनमध्ये करून दाखवलेलं. म्हणजे प्रेक्षकाला एकच गोष्ट दोनदा. त्याने फिल्म मरते.

तुमच्या मटेरियलमध्ये शंका कुठे येईल ते शोधा. तुम्ही तो कोंबडीचा किस्सा लिहिलाय ना, की एक आजी पिशवीत कोंबडी घेऊन चढल्या आणि तिचं तिकीट काढायचं की नाही यावरून अख्खी गाडी भांडली आणि शेवटी मामांनी स्वतःच्या खिशातून पैसे भरले. हे नटाने केलं तर लोक म्हणणार, रंगवून सांगतायत. बरोबर तिथे वहीचं पान आणा, ज्यावर तारीख आहे, रूट आहे, आणि पिशवीतून बाहेर आलेली कोंबडीची मान आहे. त्यावर मामांचा आवाजही नको, फक्त पान. नंतर मामा बसमध्ये बसून म्हणू देत की पैसे त्यांनी नाही, ड्रायव्हरने भरले होते, वहीत त्यांनी स्वतःला जरा मोठं दाखवलं. असं काही ते म्हणाले तर, बरं का. म्हणायला लावू नका. पण प्रश्न विचारा, 'हे असंच झालं होतं का?' आणि कॅमेरा चालू ठेवून गप्प बसा.

आवाजाचंही सांगते, कारण आवाज हा या फिल्मचा खरा कणा आहे. नट चालतोय, फाइली हलवतोय, आणि वर निवेदन खऱ्या हार्वीचं, त्याच्या त्या घोगऱ्या, कटकट्या आवाजात. सुरुवातीलाच तो सांगून टाकतो की हा जो माझं काम करतोय तो माझ्यासारखा दिसत बिसत नाही. त्या एका वाक्याने जियामाटीच्या डोक्यावरचं सगळं ओझं उतरतं. त्याला हार्वीसारखं दिसायची गरज राहत नाही, नक्कल करायची गरज राहत नाही, त्याने फक्त वाकलेली चाल, कपाळावरच्या आठ्या आणि खालून वर बघायची सवय एवढंच उचललंय आणि बाकी स्वतःचा माणूस उभा केलाय. आणि गंमत अशी की फिल्मच्या सुरुवातीला हार्वीचा आवाजच गेलाय, घशाला गाठ आलीय, जॉयसच्या आधीची बायको सोडून चाललीय आणि त्याला थांब म्हणायलाही आवाज फुटत नाही. पडद्यावरचा माणूस मुका आणि निवेदनातला माणूस बोलतोय. पुढे तोच कॉमिक लिहायला लागतो म्हणजे त्याला आवाज सापडतो. हे कुणी समजावून सांगत नाही, कानाला जाणवतं. तुम्ही नट निवडताना मामांसारखा दिसणारा शोधू नका, मिशी चिकटवून तर मुळीच नको. कंडक्टरसारखा चालत्या गाडीत दांडी न धरता उभा राहू शकणारा शोधा. आणि मामांनाच सांगू देत की हा माझ्यासारखा दिसत नाही.

लेटरमनचा भाग तुम्ही विचारलाय, की तिथे काय खरं आणि काय खोटं. डेव्हिड लेटरमनच्या रात्रीच्या शोमध्ये हार्वी १९८६ पासून पाहुणा म्हणून जायचा, लोक हसायचे, आणि हळूहळू त्याला जाणवायला लागलं की आपल्याला हसण्यासाठी बोलावतायत. फिल्ममध्ये जियामाटी पडद्याआडून स्टेजकडे निघतो, आणि आत बसलेली जॉयस, म्हणजे तिचं काम करणारी होप डेव्हिस, समोरच्या टीव्हीकडे बघते, आणि टीव्हीवर खरा हार्वी खऱ्या लेटरमनसमोर बसलाय, जुनं फुटेज. एका कटात नट माणसात बदलला, आणि नटी त्याला नवरा म्हणून बघतेय. त्या कटची मला अजून असूया वाटते. पण शेवटचं भांडण, १९८८ चं, जे इतकं गाजलं, ते खऱ्या फुटेजवर नाही, नटांकडून करून घेतलंय. आणि मला तो भाग फिल्ममधला कच्चा वाटतो. प्रत्यक्षात हार्वी चॅनेलची मालक कंपनी जनरल इलेक्ट्रिकच्या कारभारावर त्याच चॅनेलवर बसून बोलत होता, ते धाडस होतं, त्यात मुद्दे होते. फिल्ममध्ये मुद्दे मागे पडतात आणि एका वैतागलेल्या माणसाचा स्फोट पुढे येतो. यावरून तुम्हाला सांगायचं ते असं की मामांच्या वह्यांत संपाची पानं आहेत म्हणालात, डेपोतल्या भांडणांची आहेत, ती 'मामांचा तापट स्वभाव' म्हणून वापरू नका. ते कशासाठी भांडत होते ते फिल्ममध्ये आलंच पाहिजे, पगार असो, ड्युटी असो, जे असेल ते.

तशीच दुसरी तक्रार जॉयसबद्दल. ती स्वतः राजकीय कॉमिक्स लिहिणारी, संपादन करणारी बाई होती, युद्धविरोधी कामात होती, आणि फिल्म तिला बऱ्यापैकी जागा देऊनही शेवटी हार्वीची चष्मेवाली, आजारपणं काढणारी बायको एवढ्यावरच आणून ठेवते. तुमच्या मामी वहीत कायम स्वयंपाकघराच्या दारातच दिसतात असं तुम्ही लिहिलंय. मामांनी तसं काढलंय ते ठीक, ती त्यांची नजर. पण कॅमेरा तुमचा आहे. मामींना वह्या दाखवा आणि त्यांचं मत रेकॉर्ड करा, मामा खोलीत नसताना.

आता आजारपणाचा भाग. १९९० मध्ये हार्वीला लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर, झाला, आणि त्या वर्षावर त्याने आणि जॉयसने मिळून 'अवर कॅन्सर इयर' लिहिलं, चित्रं फ्रँक स्टॅकची, ते १९९४ मध्ये आलं. फिल्ममध्ये त्या काळात हार्वी कोसळतो आणि विचारतो की मी कॉमिक लिहिणारा माणूस आहे की त्या कॉमिकमधलं पात्र, आणि मी मेलो तर ते पात्र चालू राहील का. दुसऱ्या कुठल्या फिल्ममध्ये हे वाक्य पुस्तकी वाटलं असतं. इथे नाही वाटत, कारण तासभर आपण त्या माणसाचे इतके चेहरे बघितलेत की हा प्रश्न आपल्यालाही पडलेला असतो. त्याला जोडूनच नावाची गोष्ट येते, जियामाटी चित्रासारख्या रिकाम्या जागेत उभा राहून सांगतो की फोनबुकमध्ये आणखी हार्वी पीकार सापडले आणि ते एकेक करून गेले. ही मूळ गोष्ट क्रम्बने काढलेली, त्यात जवळजवळ तोच चेहरा चौकटीमागून चौकटीत येत राहतो, हालचाल नाही, फक्त बोलणं. फिल्मवाल्यांनी तिथे कसलाही ॲनिमेशनचा खेळ केला नाही, माणूस उभा केला आणि बोलू दिलं. हा संयम शिकण्यासारखा आहे. फिल्ममध्ये ॲनिमेशन आहे, दुकानाच्या रांगेत हार्वी वैतागून उभा असतो तेव्हा चित्रातला हार्वी बाजूला येऊन त्याला टोचून बोलतो वगैरे, पण ते मोजकंच आहे आणि प्रत्येक वेळी काहीतरी काम करतं. आज सॉफ्टवेअर इतकी सोपी झालीयत की लोक प्रत्येक चित्राचे हातपाय हलवायला लागतात. मामांची चित्रं हलवू नका. ती न हलणारी आहेत म्हणून ती कॉमिक्स आहेत.

थोडं टेक्निकल, कारण इथे लोक फार फसतात. वह्या आत्ताच स्कॅन करायला घ्या, शूटिंगची वाट बघू नका, बॉलपेनची आणि स्केचपेनची शाई उडते. लोक ३०० डीपीआयवर, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके धरून, स्कॅन करतात आणि मग एका चौकटीवर जायची वेळ आली की चित्र फाटतं. हिशोब सोपा आहे. ए-फोर पान ६०० डीपीआयला साधारण ४९६० पिक्सेल रुंद होतं, पानाच्या एक तृतीयांश रुंदीची चौकट घेतली तर हाती साडेसोळाशेच्या आसपास पिक्सेल, म्हणजे साध्या एचडीच्या १९२० पिक्सेल रुंदीलाही पुरत नाहीत, फोर-के तर सोडाच. म्हणून ज्या पानांवर जवळ जायचंय ती १२०० ला करा. वही उसवू नका, कडेची वळलेली पानं स्कॅनरवर दाबू नका, त्यांचे वरून कॅमेऱ्याने फोटो घ्या, दोन्ही बाजूंनी सारखा उजेड ठेवून. आणि डाग, तेलाचे ठसे, पुसलेल्या रेघा साफ करू नका, तो त्या माणसाचा हात आहे.

वाचायला वेळ देणं हा दुसरा मुद्दा. कॉमिकचं पान पडद्यावर आलं की प्रेक्षक आधी चित्र बघतो, मग संवादाच्या फुग्यातलं वाचतो, मग परत चित्राकडे येतो. मी फुगा स्वतःशी मोठ्याने दोनदा वाचते आणि तेवढा शॉट ठेवते. त्या वेळात वर निवेदन चालू असेल तर दोन्ही वाया, माणसाला एका वेळी एकच वाक्य ऐकता-वाचता येतं. निवेदन आणि फुगा सारखंच बोलत असतील तर चालतं, पण तेही कंटाळवाणं होतं लवकर. आणि फेस्टिव्हलला पाठवायची असेल तर इंग्रजी सबटायटल खाली येणार हे आत्तापासून लक्षात ठेवा, मामा खालच्या पट्टीत मजकूर लिहीत असतील तर फ्रेम लावतानाच खाली जागा सोडा, नाहीतर एकावर एक अक्षरं येतील.

शूटिंगचा क्रम विचारला होतात. आधी सगळी डॉक्युमेंटरी शूट करा, तिचा कच्चा कट लावा, आणि मग फिक्शनचे सीन लिहा. उलटं करू नका. इंटरव्ह्यूत मामा काय सांगणार हे तुम्हाला आज माहीत नाही, आणि ज्या गोष्टी ते कॅमेऱ्यावर सांगू शकणार नाहीत त्याच नटाकडे द्यायच्या आहेत. नट आणि मामा एका फ्रेममध्ये आणायचे असतील तर ते सगळ्यात शेवटच्या दिवशी, आणि काहीही लिहून देऊ नका. दोघांसमोर एक वही ठेवा. जुनी तिकिटांची पेटी आणि पंच मामांकडे अजून असेल तर तोही ठेवा, नटाला पंच मारायला मामाच शिकवतील, तुम्हाला काही सांगावं लागणार नाही. टाइमलाइनवर प्रत्येक थराला वेगळा रंग द्या, खरे मामा एक, नट एक, वहीची पानं एक, आणि पूर्ण लावून झाल्यावर जरा लांबून बघा. रंग ठरावीक अंतराने आलटून पालटून दिसत असतील तर कट चुकलाय. 'अमेरिकन स्प्लेंडर'मध्ये ते पट्टे अत्यंत ओबडधोबड आहेत, कुठे लांबच लांब फिक्शन, कुठे पटापट तीन उड्या.

आणि नियम पहिल्या दहा मिनिटांत सांगून टाका. त्या फिल्मच्या सुरुवातीला हॅलोविनचा सीन आहे, सगळी पोरं सुपरहिरोंचे कपडे घालून दारात उभी आणि एक पोरगं नेहमीच्या कपड्यात, तू कोण म्हटल्यावर स्वतःचं नाव सांगणारं. मग टायटलमध्ये चौकटी, चौकटीत नट, चौकटीत चित्र, चौकटीत खरा माणूस. बस. प्रेक्षकाला काय काय दिसणार ते सगळं तिथे दाखवून झालं. अर्ध्या तासानंतर अचानक खरा माणूस आणलात तर लोकांना फसवल्यासारखं वाटतं.

शेवटी कागदपत्रं आणि माणसं, याला लोक कंटाळतात पण मी सोडणार नाही. वह्या मामांच्या, त्यांचे हक्क मामांचेच, आणि आपल्याकडे कॉपीराइट निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, म्हणजे पुढे तो वारसांकडे जाणार. घरातलंच आहे म्हणून तोंडी ठेवू नका, फिल्मसाठी पानं वापरायची परवानगी लेखी घ्या, कुठली पानं, कुठल्या माध्यमासाठी, हे लिहून. वह्यांमधली बाकीची माणसं खरी आहेत, ड्रायव्हर, डेपो मॅनेजर, रोजचे पॅसेंजर, आणि त्यांनी कधी परवानगी दिलेली नाही. टोबी रॅडलॉफला कॉमिकमध्ये असणं मनापासून आवडायचं, तो पुढे एमटीव्हीवरही झळकला, पण सगळेच तसे नसतात. जे हयात आहेत त्यांना जाऊन पानं दाखवा, जे नको म्हणतील त्यांचं नाव आणि चेहरा दोन्ही बदला, आणि एखाद्याला फारच लागणार असेल तर ते पान कितीही सुंदर असलं तरी बाहेर ठेवा.

कच्चा कट मामांना एकट्याने दाखवा, घरच्या सगळ्यांसोबत नको, सगळ्यांसमोर ते 'छान आहे' म्हणून मोकळे होतील. हार्वीने तर आपल्यावर झालेल्या फिल्मवरही कॉमिक्स लिहिली, २००४ मध्ये त्यांचं 'अवर मूव्ही इयर' हे पुस्तक आलं. मामांनाही शूटिंगच्या पहिल्या दिवसापासून नवी वही द्या आणि तुमच्या युनिटवर जे दिसेल ते काढायला सांगा. ती पानं फिल्ममध्ये वापरायची की नाही ते एडिटला बसल्यावर ठरवू, पण ती काढून झालेली हवीत. स्कॅन झाली की दोन-चार पानं इथे टाका, कुठल्या किश्शाला नट हवा आणि कुठल्याला नुसतं पान पुरेल ते बघून सांगते.